सोमवारपासून भरलेला चार्ट

मास्तरांना सगळं आठवत होतं आणि पंचाईत तिथेच होती.

डेपोच्या आवारात सांडलेल्या तेलावरून त्यांचा पाय घसरला, कपाळ वर्कशॉपच्या लोखंडी दारावर आपटलं. आठ दिवस दवाखाना आणि दोन महिने घर झालं. परत आले त्या सकाळी गेटवरच्या वॉचमनला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सासऱ्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का रे?" वॉचमनलाच क्षणभर आठवेना, पहिला डोळा कुठला होता ते. मग आत येता येता सात ड्रायव्हरांच्या सात चौकशा. कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणाची मूळव्याध. ते ऑफिसात पोचेपर्यंत डेपोभर झालं होतं की मास्तर गेले तसेच परत आले. मीही त्यांचं टेबल पुसून ठेवलं, पेन्सिलींना टोकं काढून ठेवली आणि मनात म्हटलं, सुटले बाई.

मास्तर म्हणजे आमचे ड्युटीमास्तर. बावन्न ड्रायव्हर, चौतीस गाड्या. पहिली गाडी पहाटे पाचला निघते, शेवटची रात्री साडेअकराला आत येते. कोणी कधी कोणती गाडी काढायची, त्याचा आठवड्याचा चार्ट ते बावीस वर्षं करत आले होते. मी मुळात कंडक्टर. अकरा वर्षं उभ्याने तिकिटं फाडली, मग गुडघे कुरकुरायला लागले तसं मला ऑफिसात बसवलं, मास्तरांच्या हाताखाली. शाळेत गणिताच्या तासाला माझं पोट दुखायचं. तरी चार्ट मला त्यांनी शिकवला, न चिडता.

त्यांची पद्धत जगावेगळी होती. नवा माणूस चार्ट करायला बसला की सोमवारची पहाटेची पहिली गाडी धरतो आणि तिथून पुढे सरकत जातो. मास्तर मागून भरायचे. आधी रविवारची शेवटची गाडी, मग तिच्या आधीची, असं उलटं चालत सोमवारच्या पहाटेला पोचायचे. असं का, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, "पहाटेची गाडी काढायला कोणीही मिळतं, बाई. तो माणूस काल रात्री कुठे होता ते आधी बघावं." रात्री उशिरा गाडी लावणाऱ्याला सकाळी लवकर बोलवायचं नाही, मध्ये नऊ तास सुटलेच पाहिजेत. दोन दिवसांमधल्या या जागेला आमच्यात सांधा म्हणतात. दिवस कोणालाही भरता येतो. खरी अक्कल सांध्याला लागते.

परत आल्यावर पहिल्या आठवड्याचा चार्ट मास्तरांनी दोन तासांत करून माझ्यापुढे टाकला. पूर्वी दोन दिवस लागायचे.

"बघ. हात विसरला नाही अजून."

अक्षर तेच, उभं आणि टोकदार. सोमवार चोख होता. मंगळवार चोख. एकही गाडी बिनमाणसाची नाही, एकही माणूस एका वेळी दोन गाड्यांवर नाही. मग सवयीने मी सांध्यांवरून बोट फिरवलं आणि ते थांबलं. मंगळवारी रात्री साडेअकराला गाडी आत आणणारा लंबू बुधवारी पाचची पहिली गाडी काढणार होता.

"मास्तर, हा लंबू झोपणार कधी?"

"अरेच्चा!" त्यांनी कपाळावर हात मारला आणि टाक्यांच्या जागी लागला म्हणून लगेच काढला. "बरं झालं तू बघितलंस." खोडरबर घेतलं, लंबूचं नाव पुसलं, तिथे दुसऱ्याचं लिहिलं. तो दुसरा मंगळवारी रात्री अकराच्या गाडीवर होता.

असे चार सांधे निघाले. इतक्या दिवसांनी बसलेत, थोडा गंज चढला असेल, असं मी म्हटलं. ते जेवायला कॅन्टीनमध्ये गेले तेवढ्यात चारही सारखे केले आणि चार्ट बोर्डावर लावला. पुढच्या आठवड्यात सहा निघाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात नऊ. मग एकदा मी फायली लावायचं निमित्त करून त्यांच्या मागे उभी राहिले. ते सोमवारच्या पहाटेपासून भरत होते.

हे मी आठ महिने डेपोत कोणाला सांगितलं नाही. मास्तरांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. बावीस वर्षांत त्यांच्या चार्टाने एका माणसाला झोपेविना गाडीवर बसवलं नव्हतं. त्यांच्या चार्टाला हात लावायचा म्हणजे तो माणूस मोडीत काढण्यासारखं होतं. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याचं झाकण्यात एक सुख असतं, आपण मोठ्या मनाचे ठरतो. त्या सुखाचं बिल उशिरा येतं.

एक सांधा सारखा करायला घ्यावा तर दुसरे तीन उसवतात. जेवायची सुट्टी पुरेना. मी चार्टाची नक्कल घरी न्यायला लागले. संध्याकाळी स्वयंपाक उरकला की जेवायच्या टेबलावर कागद पसरायचा, पहाटे चारला उठून उरलेलं पुरं करायचं, सहाला डेपो. दिवसा माझी स्वतःची कामं होतीच, रजेचे अर्ज, तक्रारी, हरवलेल्या छत्र्या. नवरा म्हणाला, "डेपोने एकतर तुला दोन पगार द्यावेत, नाहीतर मला बायको परत द्यावी." मी हसलेसुद्धा नाही. विनोद कळायला अर्धं मिनिट लागलं आणि तोवर तो झोपला होता.

मुलगी बारावीला. तिला पुढचं शिक्षण बाहेरगावी घ्यायचं होतं. कुठलं कॉलेज, वसतिगृह की खोली, असं काहीबाही विचारायची. मी म्हणायची, बघू. तारीख जवळ आली. बघू. शेवटी ती वैतागली.

"आई, तू हल्ली नुसतं बघू बघू म्हणतेस. बघत काहीच नाहीस."

"आत्ता मला उद्याचा डबा दिसतोय, तेवढाच दिसू दे."

"तेच म्हणतेय मी."

तिच्या बोलण्याचा मला राग आला, इतकंच त्या दिवशी कळलं.

एका दुपारी वहिनींचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, फोन आला. "तुमच्याकडे चार्ट नीट करतात ना हो ते?"

"एकदम."

त्या म्हणाल्या, "काल घरी नवं कपाट यायचं होतं. चार दिवसांपासून त्यांना ठाऊक. आणि काल सकाळी उठून त्यांनी दाराच्या चौकटीला रंग लावला. ओल्या रंगातून कपाट आत आणायचं कसं? हमाल दारात उभे. मी विचारलं, अहो, आजच का? तर म्हणतात, आज रंग घरात होता. रंग मात्र इतका सुरेख लावलाय म्हणून सांगू." मग जरा हळू आवाजात, "डॉक्टरकडे चला ना माझ्याबरोबर. आधीचे डॉक्टर तारीख विचारतात, वार विचारतात, शंभरातून सात वजा करायला सांगतात. हे सगळं फाडफाड सांगतात आणि मीच वेडी ठरते."

या वेळची डॉक्टर नवी होती, तिशीतली, बारीक आवाजाची. तिने मास्तरांना तारीख विचारलीच नाही. म्हणाली, "काका, समजा उद्या सकाळी तुम्हाला पाच कामं आहेत. बर्फाची लादी घरी आणायची. बँकेत सही द्यायची, बँक दहाला उघडते. नऊच्या गाडीवर पाहुण्यांना सोडायचं. दवाखान्यातून रिपोर्ट आणायचा, तो अकरानंतर मिळतो. आणि चपला शिवायला टाकायच्या. कसं कसं कराल?"

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. "आधी बर्फ घेईन. मग बँक. मग पाहुण्यांना सोडीन. मग रिपोर्ट, मग चपला."

"बर्फ आधी?"

"तुम्ही आधी सांगितलात ना."

"तो तोवर वितळेल, काका."

मास्तरांनी मनापासून विचार केला. "हो, वितळेल की," ते म्हणाले. "मग परत घेऊ."

वहिनींनी माझा हात धरला. बावन्न माणसं आणि चौतीस गाड्या ज्याच्या डोक्यात उलट्या चालत यायच्या, तो माणूस कल्पनेतल्या गावात बर्फ घेऊन फिरत होता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

मास्तर नर्सबरोबर वजन करायला गेले तेव्हा डॉक्टरने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. "मार इथे लागलाय. आठवणी वेगळीकडे असतात, त्या शाबूत आहेत. माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. हा भाग पुढचं जुळवतो. आज केलेल्याचं परवा काय होईल, दोन चांगल्या गोष्टींतली आत्ता कुठली सोडायची, कशासाठी थांबायचं. तो दुखावला म्हणून माणूस खुळा होत नाही. त्याला एका वेळी एकच दिवस दिसतो."

"बरं होईल?" वहिनींनी विचारलं.

"थोडंफार होईल. किती ते आत्ता सांगता येणार नाही. भरपूर झोप, रोज चालणं, आणि सुरू झालेलं त्याच दिवशी संपेल असं काम." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही किती तास झोपता?"

"मी पेशंट नाहीये."

"मी पण फक्त विचारतेय."

"चार. कधी साडेचार."

"किती दिवस?"

"झाले काही महिने."

"झोप कमी पडली की डोक्याचा हाच भाग आधी मंदावतो," ती म्हणाली. "त्याला दारावर आपटावं लागत नाही."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मास्तर पुढे चालत होते, वाटेतल्या प्रत्येकाला रस्ता देत. वहिनी मागे रेंगाळल्या. "आता खरं सांगा. चार्ट कोण करतं?"

मी सांगितलं.

"वाटलंच मला." त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "थोडे दिवस चालवाल का अजून? ऑफिस सुटलं तर ह्या माणसाचं मी दिवसभर घरात काय करू? घराला दारं तरी किती आहेत?"

आम्ही दोघी हसलो, मग दोघींनाही हसवेना. मी म्हटलं, चालवते.

त्याच महिन्यात साहेबांनी वर्षाचा रजेचा चार्ट मागितला. साहेब म्हणजे डेपोचे मॅनेजर, वयाने माझ्यापेक्षा लहान, माणूस सरळ. महिनाअखेर पाहिजे, म्हणाले. बावन्न माणसांच्या वर्षभराच्या रजा अशा बसवायच्या की कोणाचं लग्नकार्य अडू नये आणि कुठल्या महिन्यात डेपोही ओस पडू नये. गाड्या दुरुस्तीला कधी जाणार तेही त्यात धरायचं. एका महिन्यात चुकलं तर पुढचे तीन महिने माणसं सुट्टीविना गाडी चालवतात. मास्तर दर वर्षी त्याला तीन आठवडे घ्यायचे. कागदाला कागद चिकटवून टेबलावर पसरायचे आणि त्या दिवसांत त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, साहेबानेसुद्धा.

यंदा त्यांनी तो एका दुपारी केला.

"यंदा कोणाला नाही म्हटलं नाही बघ," ते म्हणाले. चेहरा असा खुलला होता! ज्याने जी तारीख मागितली ती त्याला दिली होती. पाचव्या महिन्यात एकवीस ड्रायव्हर एकदम रजेवर होते. नवव्या महिन्यात एकही नव्हता.

आठवड्याचे सांधे मी घरी नेऊन शिवत होते. हे वर्ष होतं. कागद घेऊन मी बसले, पहिला महिना धरला, दुसरा धरला, आणि तिसऱ्याला पोचेपर्यंत पहिल्यात काय केलं ते निसटलं. पुन्हा पहिल्यापासून. तीन संध्याकाळी असं झालं. चौथ्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी नुसती बसलेय, पेन्सिल हातात आहे आणि गेला अर्धा तास कागदाच्या कोपऱ्यात चौकोन काढतेय.

आमच्याकडे एक ड्रायव्हर आहे, त्याला सगळे रेडिओ म्हणतात. बंदच होत नाही. गाडी सुरू करायच्या आधी तोंड सुरू होतं. त्या गुरुवारी सकाळी सातला पहिली फेरी संपवून तो गाडी आत आणत होता आणि गेटच्या खांबाला पूर्ण डावी बाजू घासून गेला. आरसा फुटला. वॉचमन खुर्ची टाकून उडाला म्हणून बरं, खुर्चीचे दोन पाय तुटले, त्याचे राहिले. मी धावत खाली गेले. माणसं जमलेली, गाडीतले चार प्रवासी उतरून काचा बघत उभे, आणि रेडिओ पायरीवर बसलेला. गप्प.

"लागलं का रे?"

त्याने मान हलवली. त्याला न बोलताना मी पहिल्यांदा पाहत होते. पाणी दिलं. दोन घोट घेतल्यावर म्हणाला, "डोळा लागला, ताई. उघडे होते, पण लागला होता."

"काल कुठल्या गाडीवर होतास?"

"शेवटच्या. साडेअकराला लावली. घरी साडेबारा. चारला उठलो."

"मग आज पहाटेची कशी घेतलीस? सांगायचं नाही का?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जशी मीच काहीतरी वेड्यासारखं बोलतेय. "चार्टात होतं ना. मी म्हटलं, असेल काही अडचण. मास्तर उगाच कोणाला बसवत नाहीत."

मी बोर्डापाशी गेले. गुरुवार, पहाट, पाच. रेडिओच्या नावाखाली खोडलेली खूण होती आणि नाव माझ्या अक्षरात होतं. मास्तरांनी तिथे दुसऱ्या कोणाला लिहिलं होतं, त्याचा सांधा तुटत होता, मी तो काढून रेडिओला बसवला होता. रेडिओ काल रात्री कुठे होता, ते मी बघितलंच नव्हतं.

म्हणजे ही चूक मास्तरांची नव्हती. गाडीत चारच माणसं होती म्हणून, गेट होतं म्हणून, समोरून शाळेची मुलं येत नव्हती म्हणून निभावलं. मी तिथे उभी राहून आठ महिने मोजले. आठ महिन्यांत एकदाही मी स्वतःला विचारलं नव्हतं की हे किती दिवस चालणार आणि मग काय. आजचा चार्ट आज, उद्याचा उद्या.

मी सरळ साहेबांकडे गेले. "साहेब, चार्टाबद्दल बोलायचं होतं."

"आजची घटना सोडा हो, होतं एखाद्या वेळी," ते म्हणाले. "चार्ट उत्तम चाललेत. आठ महिन्यांत एक तक्रार नाही. मास्तर आजारातून उठून पहिल्यापेक्षा जोरात आहेत."

ते कौतुक मी केलेल्या कामाचं होतं आणि त्यानेच माझं तोंड बंद झालं. मी परत टेबलावर आले. पुढच्या आठवड्याचा चार्ट मास्तरांनी नुकताच करून माझ्यापुढे ठेवला होता, खाली त्यांची सही. ते कॅन्टीनकडे निघाले. "तुला काही आणू का, बाई? चेहरा उतरलाय तुझा."

"नको."

त्यांची पाठ दारातून दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले. खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकलं. तो कागद आणि वर्षाचा कागद, दोन्ही जसेच्या तसे उचलले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवले. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्याशी कोणी मास्तरांइतकं चांगलं वागलं नव्हतं, आणि मी त्यांचीच सही पुराव्याला लावत होते.

साहेबांनी सांध्यांवरून बोट फिरवलं. त्यांना येत होतं, तेही मास्तरांकडेच शिकले होते. अकरा वेळा बोट थांबलं. मग त्यांनी वर्षाचा कागद उघडला आणि पाचव्या महिन्यावर बराच वेळ बघत राहिले.

"आणि आतापर्यंतचे?"

"मी सारखे करायची."

"आजचा रेडिओचा?"

"तोही मीच केला."

"मला आधी सांगायला हवं होतंत तुम्ही."

"हो."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "मी पण बघायला हवं होतं," म्हणाले. "बोलवा त्यांना."

मी मनाची तयारी केली होती. पूर्वीच्या एका साहेबाने चार्टात न विचारता एक नाव बदललं होतं, तेव्हा मास्तर महिनाभर त्याच्याशी चिठ्ठीने बोलले होते. आता ते काय म्हणतील, मला काय म्हणतील, सगळं मी डोक्यात तयार ठेवलं होतं.

"मास्तर," साहेब म्हणाले, "सकाळी गाड्या सोडायला गेटवर अनुभवी माणूस पाहिजे. कोण आलं, कोण नाही, कोणाच्या जागी कोणाला पाठवायचं. तुम्ही याल का? चार्ट ताई करतील."

मास्तरांनी टेबलावरचे स्वतःचे दोन्ही कागद पाहिले. साहेबांकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. "कधीपासून?"

"या सोमवारपासून."

"बरं. शिट्टी मिळेल ना?"

"मिळेल," साहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "मास्तर, ते कागद मी नेऊन दिले."

"चांगलं केलंस."

"मी सांगितलं साहेबांना. तुम्हाला न विचारता."

"हो, कळलं की. चहा घेतेस?"

"अहो, रागवा की माझ्यावर!" मी इतक्या जोरात म्हटलं की वर्कशॉपमधला एकजण वळून बघायला लागला. चार वर्षं होती त्यांची, खुर्ची होती, बोर्डावर त्यांची सही असायची. ते सगळं त्यांनी एका बरंमध्ये देऊन टाकलं होतं, कारण त्यातलं काही आज लागणार नव्हतं. त्यांच्यासाठी भांडायला जो माणूस हवा होता, तो म्हणजे पूर्वीचे मास्तरच होते.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काहीतरी आलं, जसं लांबच्या खोलीत कोणी दिवा लावावा. "पूर्वी मी रागावलो असतो, नाही का?"

"हो."

"काय म्हणालो असतो?"

मी सांगितलं. "म्हणाला असता, बाई, आठ महिने तू माझ्या पाठीमागे माझा चार्ट खोडत होतीस? पहिल्या दिवशी मला धरून बसवायचं, सांगायचं, मास्तर, तुम्हाला दिसत नाहीये. मला काय हवं ते तू ठरवलंस आणि त्यापायी एका माणसाची झोप घेतलीस."

त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मध्ये दोनदा मान हलवली.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले.

आणि चहा आणायला गेले.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी वहिनींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बसून काम आहे का उभं राहून?" मी म्हटलं, उभं राहून, पण खुर्ची ठेवू. "मग सकाळी टोपी देईन डोक्याला," त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी सहाला मी आले तेव्हा मास्तर गेटवर टोपी घालून उभे होते. गाडी समोर आली की नंबर, माणूस, वेळ, सगळं तोंडपाठ. एकाला म्हणाले, उतर, टायर बघ आधी. टायर खरंच बसलेला निघाला. रेडिओ त्यांच्याशी पाच मिनिटं बोलत उभा राहिला, मागे चार गाड्या खोळंबल्या.

वर येऊन मी वर्षाचे कोरे कागद चिकटवले, टेबलावर पसरले आणि शेवटच्या महिन्यापासून सुरुवात केली, त्यांच्यासारखी, उलटी. अकरावा महिना धरला. दहावा धरला. शेवटचा निसटला. खिडकीतून शिट्टी ऐकू येत होती. मी पेन्सिल खाली ठेवली, रजेचा फॉर्म काढला, भरला आणि साहेबांकडे नेला.

"चार दिवस?" साहेब म्हणाले. "आत्ता? महिनाअखेरीला सहा दिवस उरलेत. वर्षाचा चार्ट आहे हो."

"वर्षाचा आहे म्हणूनच."

त्यांनी फॉर्म खाली वाचत नेला. "कारण, झोप." वर पाहिलं. "असं कारण चालत नाही फॉर्मवर."

"ड्रायव्हरला नऊ तास देतो आपण."

"तुम्ही ड्रायव्हर नाही."

"बावन्न ड्रायव्हर वर्षभर मी बसवेन तिथे बसणार आहेत. आत्ता बसवले तर कुठे बसवेन ते मलाच ठाऊक नाही. चार्ट चार दिवस उशिरा मिळेल. नाहीतर आजच देते, एका दुपारी होतो, तुम्ही पाहिलाय."

साहेबांनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि पेन उघडलं. "आणि पुढच्या आठवड्याचा चार्ट?"

"तुम्हाला येतं की करायला."

त्यांनी सही केली. कारणाच्या रकान्याला हात लावला नाही.

मी बाहेर पडले तेव्हा जेमतेम अकरा वाजले होते. इतक्या उन्हात डेपो सोडून घरी निघायची सवय नसल्यामुळे मला काहीतरी चोरून नेल्यासारखं वाटत होतं. मास्तरांनी हात आडवा करून एक गाडी थांबवली.

"कुठे निघालीस?"

"घरी. झोपायला."

"भरदिवसा?"

"हो."

"जा मग," ते म्हणाले. "चढ, ही तुझ्याच बाजूची आहे. डावीकडे बस, उजवीकडे ऊन येतं." आणि शिट्टी वाजवली.

मी डावीकडे बसले. कंडक्टर मुलगी नवी होती, ओळखत नव्हती. तिकिटासाठी ती मागच्या बाकापासून सुरुवात करून पुढे येत होती. मी सुटे पैसे मुठीत धरून तिची वाट बघत होते. ती माझ्यापर्यंत पोचल्याचं मला कळलं नाही.